जुनी शिडाची बोट घेताय? आधी ओळखा, मग उभी करा (इंदूरकरांसाठी)

इंदूरपासून मुंबईचा समुद्र जवळपास सहाशे किलोमीटर. तरीही जुनी शिडाची बोट घ्यावी असं ज्यांच्या डोक्यात आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बोट म्हणजे इथे दहा ते सोळा फुटांची, इंजिन नसलेली, एक-दोन माणसांनी चालवायची डिंगी. देवास जिल्ह्यातल्या नेहा ठाकूरने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली शिडाच्या बोटीत रौप्यपदक मिळवलं. त्याआधी २०१८ मध्ये होशंगाबादच्या हर्षिता तोमरने कांस्य आणलं होतं. समुद्र नसलेल्या राज्यात हे होतं, कारण भोपाळचा मोठा तलाव आणि तिथलं सेलिंग स्कूल आपल्या दाराशी आहे. देवास-आष्टा-सीहोर धरलं की तीन-साडेतीन तासांत पाण्यावर.

दुरुस्तीला लागणारे हात इंदूरला भरपूर आहेत. फक्त त्यांच्या दुकानावर बोटीची पाटी नाही. सांवेर रोडवर फायबरच्या टाक्या बनवणारा, कारच्या सीटना रेक्झिन शिवणारा, रेलिंगचं स्टील वळवणारा, दारं रंधणारा सुतार या चौघांत सगळं काम बसतं. पण त्यांच्यातल्या कोणालाच बोट कळत नाही. ती तुम्हाला कळावी लागते, म्हणून या लेखात हत्यारांपेक्षा ओळखीवर जास्त जागा घालवली आहे.

१. बोटीआधी पाणी शोधा

लोक उलटं करतात. बोट अंगणात येते आणि मग विचारतात, "आता ही सोडायची कुठे?"

भोपाळचा मोठा तलाव सुमारे ३१ चौरस किलोमीटरचा. २००२ पासून तो रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे आणि शहर त्याचं पाणी पितं. २०२३ मध्ये हरित लवादाने तिथल्या क्रूझ आणि मोटरबोटींवर बंदी आणली. शिडाच्या बोटीला इंजिनच नाही, त्यामुळे त्या भांडणात ती येत नाही, पण परवानगी आणि ठेवायची जागा दोन्ही लागतात. एखाद्या क्लबमार्फत गेलात तर दोन्ही सुटतं.

घराजवळचे यशवंतसागर आणि सिरपूर डोळ्यांत भरतात, हे मान्य. पण दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत गेले, आणि यशवंतसागरच्या काठाला सारस पक्ष्यांचं घर आहे. "सकाळी कोणी नसतं, सोडू गुपचूप" हा विचार सोडा. तलाव ज्याच्या ताब्यात, मग ते नगर निगम असो की जलसंसाधन विभाग, त्याची लेखी परवानगी नसेल तर उतरू नका. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात इंजिन नसलेल्या बोटींसाठी वेगळं प्रकरण आहे आणि त्यांची नोंद ठेवण्याचं काम राज्य सरकार व स्थानिक संस्थांकडे दिलंय. तेव्हा अर्ज देतानाच नोंदीचंही विचारून घ्या.

२. बोट मिळते कुठे

मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई इथल्या सेलिंग क्लबांच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला टेकलेल्या बोटी असतात. मालक परदेशी गेलेला असतो किंवा मुलं मोठी झालेली असतात, आणि वर्गणी थकलेली असते. क्लबच्या बोटमनशी, म्हणजे बोटी सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. सेक्रेटरीला यादी माहीत असते, बोटमनला बोट माहीत असते. दुसरा रस्ता म्हणजे फौजेच्या आणि संस्थांच्या निकाली मालाचे लिलाव. तिथे बोट स्वस्तात जाते, पण बहुधा "जिथे आहे, जशी आहे" या अटीवर, आणि कित्येकदा शिडं, सुकाणू एका ढिगात आणि हल, म्हणजे बोटीचं धड, दुसऱ्या ढिगात अशी.

फोटोवर पैसे पाठवू नका. फोटोत कुजलेलं लाकूड दिसत नाही.

३. बघायला जाताना पिशवीत काय हवं

मोजपट्टी (किमान पाच मीटरची), वीस मीटर सुतळी, बारीक टोकाची आर किंवा पेचकस, टॉर्च, छोटा आरसा, लोहचुंबक, घड्याळ, पाण्याच्या दोन बाटल्या, जुने कपडे, खडू. जमल्यास बाथरूममधला वजनकाटा, आणि दोन मिळाले तर फारच छान. सोबत एक माणूस, ज्याला ही बोट तुमच्याइतकी आवडलेली नाही.

४. ही नेमकी कोणती बोट आहे?

विकणारा "इंग्लिश बोट आहे, एकदम ओरिजिनल" म्हणेल. ते मनावर न घेता खाली दिलेल्या क्रमाने बघा. क्लास, म्हणजे एकाच आखणीवर बांधलेल्या बोटींची जात, कळला की मूळ वजन कळतं, शिडांचं माप कळतं, सुटे भाग कुठले बसतील ते कळतं आणि त्यावरून भाव ठरतो. क्लास न कळलेली बोट फुकट मिळाली तरी महाग पडते, कारण तिचा प्रत्येक तुकडा तुम्हाला नव्याने घडवावा लागतो.

लांबी आणि रुंदी आधी मोजा. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या उभ्या फळीपर्यंत, म्हणजे जिथे सुकाणू अडकतं त्या ट्रान्समपर्यंत, सरळ रेषेत. सुकाणू मोजायचं नाही. मग तळाचा आकार बघा. तळ आणि बाजू गोलाईने मिळतात की धारदार कड पडते? कड असेल तर प्रत्येक बाजूला एक की दोन? हाताने चाचपून बघा, रंगाच्या थरांखाली कड बुजते.

आपल्याकडे जुन्या बाजारात बहुधा खालच्यांपैकीच काहीतरी समोर येतं.

एंटरप्राइज: लांबी ४.०४ मीटर, प्रत्येक बाजूला दोन कडा, दोन माणसांची. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली. शिडं निळी, हीच तिची सगळ्यात ठळक खूण. स्पिनेकर म्हणजे पुढचं फुगणारं मोठं शीड या क्लासला नाही. ते लावायची सोय दिसली तर एकतर कोणी छेडछाड केलीय किंवा बोटच दुसरी आहे. हलचं वजन ९४ किलोच्या आसपास.

जीपी-१४: तिचाच भाऊबंद, त्याच आखणीकाराचा, पण चौदा फुटी आणि बरीच जड. शिडावर घंटेचं चिन्ह. दोघींत गोंधळ नेहमी होतो, आणि मोजपट्टी तो मिटवते.

मिरर: ३.३० मीटर, पुढचं टोक अणकुचीदार नसून चपटं कापलेलं, शिडं लाल. प्लायवूडच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवून, सांध्यांवर ग्लास टेप आणि रेझिन चढवून घरी बांधायची ही बोट. आतल्या सांध्यांवर टेपची उमटलेली कड दिसली तर शंका उरत नाही.

ऑप्टिमिस्ट: २.३० मीटर, लहान मुलांची, पुढून चौकोनी. शीड तिरक्या काठीवर ताणलेलं, त्यावर "आयओ" अक्षरांचं चिन्ह. हल ३५ किलोचा.

लेझर: ४.२३ मीटर, एकट्याची, पूर्ण फायबरची, गोल तळाची. डोलकाठी दोन तुकड्यांत जोडायची, तिला बाजूच्या तारा नाहीत, शीड मोज्यासारखं वरून चढवायचं. ब्रूस कर्बी यांनी १९७० च्या सुमारास आखलेली, आता आयएलसीए नावाने ओळखली जाते. नेहा ठाकूरचं पदक याच हलवर लहान शीड लावून होणाऱ्या प्रकारात आहे. नवशिक्याला माझी पहिली शिफारस हीच. लाकूड नाही, तारा नाहीत, सुटे भाग मिळतात.

४२० आणि ४७०: नावातच सेंटिमीटरमध्ये लांबी आहे.

फायरबॉल: ४.९३ मीटर, बसकी, नाळेचं टोक चपटं. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांचं सुवर्ण याच बोटीत आलं. दिसायला देखणी, पण पहिली बोट म्हणून घेऊ नका. ती शांतपणे बसू देत नाही.

आता आकडे शोधा. शिडावरचा आकडा सगळ्यांना दिसतो, पण शिडं आयुष्यात अनेकदा बदलतात. आकडा हलवर शोधायचा. लाकडी बोटीत तो सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) पेटीवर, मधल्या आडव्या तुळईवर, ट्रान्समच्या आतल्या बाजूला किंवा तळाच्या मधल्या पट्टीवर कोरलेला सापडतो. रंगाखाली असेल तर टॉर्च आडवी धरा, खोलगट रेषा सावलीने उठून दिसतात. फायबरच्या बोटीत ट्रान्समवर, बहुधा उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात, पट्टी किंवा ठसा असतो. अमेरिकन बोटींना १९७२ पासून बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक आहे आणि त्यातली पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची. युरोपात १९९८ पासून असाच क्रमांक सक्तीचा झाला, त्यात देशाचा कोड सर्वांत आधी येतो. शेवटचे दोन आकडे मॉडेलचं साल सांगतात. शिडावर नुसतं "के" हे अक्षर आणि पुढे आकडा असेल तर ते शीड ब्रिटनमधलं आणि १९९० च्या दशकाआधीच्या पद्धतीचं. भारताचं चिन्ह "आयएनडी".

हलचा आणि शिडाचा आकडा जुळला नाही तर घाबरू नका, भाव कमी करा. हलवरचा आकडा खरवडलेला दिसला तर मात्र निघा. चोरीचा किंवा क्लबच्या वादातला माल असतो.

सगळं नोंदवून त्या क्लासच्या संघटनेला ईमेल टाका, मापं आणि फोटो जोडून. जुन्या क्लासच्या संघटना अशा पत्रांना उत्तर देतात. म्हातारी, हौशी माणसं असतात, नंबरावरून बांधणाऱ्याचं नावही काढून देतात.

कशातच बसली नाही तर? स्थानिक कारागिराने एखाद्या बोटीवरून साचा काढून केलेली नक्कल असू शकते. आपल्याकडे अशा बऱ्याच आहेत. मजेसाठी चालेल, स्पर्धेत मोजमापात बसणार नाही, आणि मूळ क्लासचा भाव तिला द्यायचा नाही.

५. जीव उरलाय का, ते बघा

आधी वाकडेपणा. नाळेच्या मध्यापासून ट्रान्समच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांपर्यंत सुतळी लावा. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. बोटाच्या रुंदीइतका फरक चालतो, हाताच्या रुंदीइतका असेल तर ती बोट वर्षानुवर्षं चुकीच्या ठोकळ्यांवर पडून पिळली आहे. पीळ निघत नाही.

मग वजन. दोन काट्यांवर पुढून-मागून ठेवून बेरीज करा. क्लासच्या वजनापेक्षा दहा-पंधरा किलो जास्त निघालं तर ते रंगाच्या थरांचं आहे की आत शोषलेल्या पाण्याचं, हे शोधा. फायबरच्या बोटीत आतला फोम पाणी पितो आणि ते सहसा परत देत नाही.

लाकडात आर टोचा. मालकासमोर, विचारून. जागा ठरलेल्या आहेत: ट्रान्समची खालची कड, सेंटरबोर्डची पेटी तळाला मिळते तो सांधा, डोलकाठीच्या पायाखालचा भाग, हवेच्या टाक्यांचे (बोट उलटली तरी तिला तरंगत ठेवणाऱ्या बंद कप्प्यांचे) आतले कोपरे. चांगलं लाकूड आरीला अडवतं, कुजलेलं तिला आत घेतं. समुद्रात वापरलेल्या बोटीपेक्षा अंगणात पावसाचं पाणी साठवून बसलेली बोट जास्त कुजते, कारण मीठ बुरशीला रोखतं आणि गोडं पाणी तिला पोसतं. जमिनीला टेकलेली असेल तर वाळवीही बघा.

फायबरवर पेचकसाची प्लॅस्टिकची मूठ टिचकीसारखी आपटत जा. टणक आवाजाच्या मध्येच बद्द आवाज आला की तिथे थर सुटलेत, खडूने गोल करा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुतेक वरवरच्या असतात. त्या एखाद्या स्क्रूभोवती किंवा पट्टीभोवती फाकलेल्या दिसल्या तर मात्र खालचा आधार गेलेला.

लेझरची खास परीक्षा आहे: डेकमध्ये डोलकाठी उभी करायच्या भोकात काठोकाठ पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर पाणी हलमध्ये जातंय, आणि वाऱ्यात एक दिवस डोलकाठी डेक फाडून निघेल. दुरुस्त होतं, पण डेकला भोक पाडून.

हवेच्या टाक्यांचं झाकण लावून ड्रेनच्या भोकातून तोंडाने हवा फुंका, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती सापडली. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे लावायचा नाही. थोड्या दाबानेही टाकी फाटते.

माझा हिशेब असा: हल सरळ आणि वजनात असेल, पण शिडं फाटकी, दोऱ्या कुजलेल्या, रंग उडालेला, तर घ्या. रंग चकचकीत, शिडं नवी आणि हल जड, तर नको. नवा रंग बघून मला तर आधी शंकाच येते.

६. कागद आणि वाहतूक

विकणाऱ्याकडून घ्यायचं:
– विक्रीपत्र, त्यात क्लास, हलवरचा आकडा, लांबी, रंग आणि सोबतच्या सामानाची यादी
– विकणाऱ्याच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत
– क्लबच्या आवारातून उचलत असाल तर थकबाकी नसल्याचं क्लबचं पत्र
– लिलावातली असेल तर पैसे भरल्याची पावती आणि माल उचलण्याचा आदेश
– मोजमापाचं जुनं प्रमाणपत्र असल्यास मूळ प्रत

ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टी घ्या आणि त्यात "वापरलेली बोट" असं स्पष्ट लिहून घ्या. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिलाचा प्रश्न येतो, तो गाडी भरण्याआधी त्याच्याशी सोडवा. वाटेत गाडी अडल्यावर तो सुटत नाही.

घरी ट्रेलर जोडून कारमागे ओढून आणायची कल्पना अनेकांना सुचते. ट्रेलरलाही नोंदणी लागते, तेव्हा ते नकोच. लांब फाळक्याची पिकअप करा, किंवा मुंबईहून रिकामा परतणारा ट्रक. तळाखाली गाद्या किंवा जुने टायर. दोर हलवरून आवळायचा नाही, जिथे घासेल तिथे पोतं घाला. डोलकाठी बोटीपेक्षा लांब असते, तिच्या बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड बांधा. सुटे बोल्ट, पिना, शॅकल एका डब्यात घालून तो डबा ड्रायव्हरकडे न देता स्वतःजवळ ठेवा.

७. कामाला हात लावण्याआधी

बोट ज्यावर बसेल तो आधार आधी करा. तळाच्या आकारात कापलेल्या दोन फळ्या, वर जुनी सतरंजी. मग सगळे फोटो: कोणती दोरी कोणत्या भोकातून जाते, कोणता पुली कुठे. एक-एक फिटिंग काढून पाकिटात, पाकिटावर जागेचं नाव. त्यानंतर बोट सावलीत, हवेशीर, झाकणं उघडी ठेवून वाळू द्या. दर आठवड्याला वजन करा. ते उतरायचं थांबलं की काम सुरू.

हंगाम आपल्याकडे ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात ग्लासची मॅट (फायबरच्या कामातली काचतंतूंची चटई) दमट होते आणि एपॉक्सीवर चिकट थर येतो. मे महिन्यात पॉलिएस्टर रेझिन हातातच दगड होतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री एपॉक्सी जमत नाही, तेव्हा सकाळी दहाला सुरू करून दुपारी संपवायचं.

८. लाकडाचं काम

कुजलेलं अर्धवट ठेवून वर लुकण भरायची घाई होते. करू नका. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचं, आणखी चार बोटं पुढे जायचं, मग थांबायचं.

प्लायवूड घेताना दुकानदार "वॉटरप्रूफ आहे साहेब" म्हणून दाखवेल ते फर्निचरचं असतं, आयएस ३०३ चं. तुम्हाला मरीन प्लाय हवा, ज्यावर आयएस ७१० छापलेलं असतं. शिक्का प्रत्येक शीटवर बघा, वरच्या एकावर नाही. जाडी अंदाजाने घेऊ नका, काढलेल्या तुकड्याला व्हर्नियर लावा. तुकडा एका कडेला पाण्यात बुडवून दिवसभर ठेवला की थर सुटतात का तेही दिसेल.

नवा तुकडा जुन्याला टोकाला टोक लावून जोडत नाहीत. दोन्ही कडा तिरक्या तासायच्या, जाडीच्या आठपट लांबीचा उतार. ६ मिलिमीटर प्लाय असेल तर जवळपास ५० मिलिमीटर. हे काम रंध्याच्या हाताचं आहे. दारं करणाऱ्या जुन्या मिस्त्रीला एकदा दाखवलं की तो तुमच्यापेक्षा छान करतो, पण फेव्हिकॉल लावू नको म्हणून दोनदा बजावा. इथे एपॉक्सीच.

जुन्या मालकाने भेगांत डांबर किंवा एम-सील भरलेलं असेल तर शेवटचा कण काढा. डांबर लागलेल्या लाकडावर पुढचं काहीच धरत नाही.

९. फायबर आणि रेझिन

इथे थोडं सावकाश वाचा.

बाजारात दोन घराणी आहेत. पॉलिएस्टर स्वस्त आहे, टाक्या-कूलरवाले तेच वापरतात. फायबरच्या बोटीत नव्या साच्याला ते ठीक. पण जुन्या पृष्ठभागावर आणि लाकडावर त्याची पकड कमी. एपॉक्सी महाग, पण दोन्हींवर धरतं. दुरुस्तीला एपॉक्सी वापरा. एकच गोष्ट लक्षात ठेवा: एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत रंगीत थर, नीट बसत नाही, वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंगच द्यावा लागतो. आपल्याकडे सहज मिळणारी जोडी म्हणजे अरल्डाइटचं एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर, वजनाने १०० ला साधारण १०. डब्यावरचं प्रमाण पाळा आणि सोनाराचा नाही तरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. "लवकर सुकावं म्हणून जरा जास्त हार्डनर" हे एपॉक्सीत चालत नाही. ते कायमचं कच्चं राहतं.

पॉलिएस्टर वापरायचंच असेल तर त्यात दोन द्रव पडतात. जांभळट रंगाचा कोबाल्ट ॲक्सलरेटर आणि पाण्यासारखा दिसणारा कॅटालिस्ट. हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग कॅटालिस्ट, एक ते दोन टक्के. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या फळीवर ठेवा. कॅटालिस्ट डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून गॉगल. कारखान्यातला मुलगा बिनगॉगलचा काम करताना दिसेल, त्याचं बघून शिकू नका.

पद्धत: खराब भाग घासून काढा, भोवती जाडीच्या बारापट रुंद उतार करा, ॲसिटोनने पुसा. ३०० किंवा ४५० ग्रॅमच्या मॅटचे तुकडे मापाने वाढत जाणारे कापा. रेझिन ब्रशने थापायचं, ओढायचं नाही. बुडबुडे रोलरने काढा. एका वेळी मोठा डबा कालवू नका. डबा गरम लागायला लागला की तो बाहेर उघड्यावर ठेवून द्या.

घासताना मास्क, पूर्ण बाह्या, आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब. ओलं घासलं तर धूळ कमी. रंग काढायचं केमिकल फायबरवर लावू नका, रंगाबरोबर रेझिनही सुटतं.

१०. धातूचं सामान

नट-बोल्ट, पट्ट्या सियागंजात मिळतील, पण "स्टेनलेस" म्हणून दिलं जाणारं बरंच सामान २०२ ग्रेडचं असतं. ते गंजतं. लोहचुंबकाने २०२ आणि ३०४ यातला फरक कळत नाही, दोन्हींना तो धरत नाही. रेलिंगवाल्यांकडे तपासणीचं द्रावण असतं, एक थेंब टाकून रंग बघतात. गोड्या पाण्याला ३०४ पुरतं. पितळी स्क्रू पाण्याखाली नकोत, कालांतराने आतून पोकळ होतात.

ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टीलची फिटिंग जिथे बसते तिथे पांढरी भुकटी दिसते. घासून काढा आणि मध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी घालून परत बसवा. डोलकाठी सपाट फरशीवर लोळवून बघा. कायमचा बाक असेल आणि त्यावर सुरकुती दिसत असेल तर ती बाद. खिडक्यांच्या सेक्शनचा पाइप आणून डोलकाठी करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना चहा पाजून परत पाठवा.

बाजूच्या तारा बोटाने नाही, कापसाचा बोळा फिरवून तपासा. कापूस अडकला की एक काडी तुटली आहे, आणि एक तुटली की सगळी तार बदलायची. तार मागताना "एक बाय एकोणीस" म्हणा. लिफ्टच्या दुकानातली मऊ तार ताणते. हे एवढं सामान मी तरी मुंबईहून मागवायच्या मताचा आहे.

दोऱ्या पॉलिएस्टरच्या. नायलॉन ताणतो आणि शीड वर चढवून बांधलं तरी वाऱ्यात खाली येतं.

११. शिडं

मशीनमध्ये धुवायची नाहीत, इस्त्री तर मुळीच नाही. हौदात सौम्य साबणाचं पाणी, रात्रभर भिजवून, सावलीत वाळवायची. कापड दोन्ही हातांनी ताणून बघा. नखाने दोरा ओढला आणि तो तुटला तर उन्हाने शिवण गेली आहे. कापड शाबूत असेल तर रेक्झिनवाला किंवा तिरपालवाला पुन्हा शिवून देतो. त्याला दोन गोष्टी सांगा: दोरा पॉलिएस्टरचा, सुती नाही, आणि टाके नागमोडी, जुन्या भोकांच्या शेजारून. शिडाचा आकार तो "सपाट" करून देऊ म्हणाला तर थांबवा. शिडाला पोट असतं आणि ते मुद्दाम शिवलेलं असतं.

कापडच फाटत असेल तर नवा संच घ्यावा लागेल. सगळ्या खर्चात हाच मोठा आकडा, तो बोटीचा भाव ठरवतानाच धरून ठेवा.

१२. रंग

कमी द्या. प्रत्येक थर वजन आहे. लाकडाच्या आत व्हार्निश, बाहेर दोन भागांचा पीयू. गॅरेजवाला फवारून देईल, पण त्याची वाफ घातक असते, साधा कापडी मास्क पुरत नाही. रोलरने उघड्यावर दिला तरी पाण्यातून तो फरक कोणाला दिसत नाही. हलवरचा कोरलेला आकडा रंगाने बुजवू नका, कागदात तोच आहे.

१३. पाण्यात उतरवताना

घरीच आत दोन बोटं पाणी भरा आणि खालून गळतंय का बघा. जास्त भरू नका, एक लिटर म्हणजे एक किलो, तळ खाली आधार नसेल तिथे बसतो.

पहिल्या दिवशी शीड न लावता, उथळ पाण्यात. तासभर ठेवून टाक्यांत किती पाणी आलं ते मोजा. मग मुद्दाम आडवी पाडा आणि परत उभी करा. आडवी पडल्यावर ती तरंगून राहते का, हेच आज बघायचंय. ऑप्टिमिस्ट असेल तर हवेच्या तिन्ही पिशव्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या हव्यात. नुसत्या फुगवलेल्या पिशव्या बोट पाण्याने भरली की सुटून वर येतात.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, त्याच्या वजनाच्या मापाचं, बकल लावलेलं. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात १४ जण बुडाले, त्यात १२ शाळकरी मुलं होती. क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि सर्वांना जॅकेट नाही. दोन माणसांच्या बोटीत "फोटोपुरतं" तिसरं कोणी बसणार नाही, हे घरून निघतानाच सांगून ठेवा. काका नाराज होतील, होऊ द्यात.

मे-जूनचा पश्चिमेचा वारा शिकणाऱ्यासाठी नाही. दिवाळीनंतरची सकाळ निवडा आणि पहिल्या काही खेपा ज्याला येतं अशा माणसाबरोबर करा. बाहेर काढल्यावर ड्रेनची बुचं आणि टाक्यांची झाकणं उघडी ठेवायची, शिडं वाळवून गुंडाळायची, घडी घालायची नाही. बोट उलटी करून ठोकळ्यांवर ठेवा. सुलटी ठेवायची असेल तर नाळ उंच आणि ताडपत्रीला उतार हवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साठणार नाही.